वाचक विचारतात : काळ, घड्याळ आणि आपली साडेबाराची दुपार

मागच्या अंकात काळाबद्दल प्रश्न पाठवा म्हणून लिहिलं होतं, तर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढा ढीग पडला की सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात काय जमणार नाही, म्हणून त्यातले सहा घेतलेत. काही प्रश्न जरा छोटे केलेत, भाषा मात्र ज्याची त्याची ठेवलीय.

प्रश्न : ताई, आमच्या पोरानं जानेवारीत शाळेच्या प्रोजेक्टसाठी अंगणात काठी रोवली आणि सावली मोजत बसला. बारा वाजता सावली सगळ्यात लहान व्हायला पाहिजे ना, तर ती पाऊण वाजायला आला तवा कुठं लहान झाली. पोरगा म्हणतोय पप्पा आपलं घड्याळ पुढं हाय. मोबाईलात बघितलं तर तीच वेळ. काय चुकतंय?
— एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका

उत्तर : काहीच चुकत नाही दादा, पोराला आधी शाबासकी द्या कारण त्यानं बरोबर मोजलंय. आपल्या घड्याळातली वेळ ही आपल्या गावची वेळच नव्हे. भारताची वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरनं धरलेली आहे, ती रेषा तिकडं उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळनं जाते, आणि आपण बेळगाव-खानापूरवाले आहोत साधारण 74.5 अंशावर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे 8 अंशाला 32 मिनिटं. तिथं सूर्य मध्यावर आल्यावर आपल्याकडं यायला त्याला अजून अर्धा तास लागतोय, म्हणून आपली खरी दुपार सरासरी 12 वाजून 32 मिनिटांनी होते. अथणीकडं दोन-सव्वादोन मिनिटं आधी, एवढाच काय तो फरक.

आता वरची दहा मिनिटं कुठनं आली ते सांगते, कारण हे बऱ्याच मास्तरांना पण माहीत नसतंय. पृथ्वी सूर्याभोवती अगदी गोल फिरत नाही, जानेवारीत ती सूर्याच्या जवळ असते आणि जास्त वेगानं पळते, शिवाय तिचा आस 23.5 अंशानं कललेला आहे, या दोन्हीमुळं सूर्य वर्षभर घड्याळाच्या कधी मागं तर कधी पुढं राहतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडं सूर्य 12:46 ला मध्यावर येतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:16 लाच येतो. म्हणजे घड्याळातली दुपार तीच आणि सूर्याची दुपार अर्धा तास मागंपुढं. तुमच्या पोरानं हे नुसत्या काठीनं पकडलं.

आणि ही एकच वेळ सगळ्या देशाला आधीपासनं होती असं समजू नका. ती सुरू झाली 1 जानेवारी 1906 ला. त्याच्या आधी गावोगावची वेळ वेगळी, रेल्वेनं मद्रासची वेळ धरलेली, आणि मुंबईची स्वतःची वेळ तर आजच्या वेळेच्या 39 मिनिटं मागं होती. बेळगाव तवा मुंबई प्रांतातच होतं. मुंबईवाल्यांनी नवीन वेळेला एवढा विरोध केला की मुंबई टाइम नावाची ती वेळ 1955 पर्यंत टिकली. माझं स्पष्ट मत आहे की शाळेत घड्याळ शिकवताना हे शिकवलंच पाहिजे, घड्याळातला आकडा हा माणसांनी आपसात ठरवून घेतलेला असतो, निसर्गाची चाल त्याच्यासाठी थांबत नाही.

काठी मात्र काढू नका. 4 मेच्या आसपास आपल्याकडं सूर्य अगदी डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमाराला उभ्या काठीची सावली गायबच होते. ऑगस्टच्या 8-9 तारखेला पण होते, पण तवा आपल्या भागात ढग कुठले हलतात.

प्रश्न : बाई, आमच्या शेजारच्या कन्नड काकूंची उगादी आणि आमचा पाडवा एकाच दिवशी येतो, पण लेक दिल्लीला शिकायला गेलीय ती म्हणते इथं श्रावण पंधरा दिवस आधीच लागला. पंचांग एक नाही का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : चंद्र एकच, महिना कुठं कापायचा ते वेगळं. आपण मराठी आणि कानडी दोघं बी अमावास्येला महिना संपवतो आणि शालिवाहन शकच मानतो, म्हणून पाडवा आणि उगादी बरोबर. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो त्यामुळं त्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतोय, सण मात्र बहुतेक त्याच तिथीला येतात. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासनं 12 अंश पुढं सरकायला लागणारा वेळ, तो कधी 19 तास तर कधी 26 तास, म्हणून तिथीचा क्षय होतो नाहीतर वृद्धी. बारा चांद्र महिन्यांचे 354 दिवस होतात, सूर्याच्या वर्षाला 11 कमी पडतात, ते साठले की अधिक महिना घालायचा. 2023 ला अधिक श्रावण होता, 2026 ला अधिक ज्येष्ठ. ज्यांनी हा हिशोब बसवला त्यांनी आकाश फार बारकाईनं बघितलं होतं एवढं नक्की.

प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. सर म्हणतात वेगात गेलं की काळ हळू होतो. पण खरंच काळ हळू होतो की फक्त घड्याळ हळू चालतंय? घड्याळ बिघडणं आणि काळ बदलणं यात फरक आहे की नाही?
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : किती चांगलं विचारलंस ग. फरक आहे, आणि तो तपासायचा कसा ते सांगते. समजा वेगामुळं नुसतं घड्याळ बिघडत असतं, तर पितळी चाकांचं घड्याळ एका पद्धतीनं बिघडलं असतं, क्वार्ट्झचं दुसऱ्या पद्धतीनं, आणि ज्याच्यात यंत्रच नाही ते बिघडलंच नसतं. मग यंत्र नसलेलं घड्याळ कुठलं? म्युऑन नावाचा कण. वरच्या हवेत, जमिनीपासनं साधारण 15 किलोमीटरवर, अवकाशातनं आलेले कण हवेवर आदळतात आणि त्यातनं म्युऑन तयार होतात. म्युऑनचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश सुद्धा 660 मीटरच जातोय, म्हणजे हिशोबानं ते वरच्यावर संपायला पाहिजेत. पण ते खाली पोचतात, आत्ता तू हे वाचत असताना तुझ्या तळहातातनं सेकंदाला साधारण एक आरपार जातोय. का? कारण ते प्रकाशाच्या जवळपास वेगानं येतात आणि आपल्या मापानं त्यांचा काळ दहा-वीस पट हळू चाललेला असतो. कणात ना चाक ना बॅटरी, बिघडायला काही नाहीच.

आणि हे सुचवणारा माणूस आपला, होमी भाभा. 1938 मध्येच त्यांनी लिहिलं होतं की असल्या कणांच्या आयुष्यावरनं वेगामुळं काळ हळू होतो हा आइन्स्टाइनचा सिद्धांत सरळ तपासता येईल. पुढं 1941 मध्ये अमेरिकेत रॉसी आणि हॉल यांनी हा परिणाम डोंगरावर मोजून दाखवला. आपल्याच राज्यात कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी वर्षानुवर्षं म्युऑन मोजले, 1965 मध्ये तिथंच हवेत तयार होणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या कणाचा माग लागला. बेळगावच्या पोरांना कोलार म्हणजे फक्त सिनेमातलं केजीएफ माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेगाचं झालं, आता उंचीचं. आइन्स्टाइनच्याच 1915 च्या सिद्धांताप्रमाणं गुरुत्वाकर्षणाच्या जितकं खाली तितका काळ हळू. बेळगाव समुद्रापासनं साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. पणजीच्या किनाऱ्यावर एक घड्याळ ठेवलं आणि बेळगावात एक, दोन्ही एकदम अचूक, तर वर्षाला बेळगावचं घड्याळ साधारण अडीच मायक्रोसेकंद पुढं जाईल. वहीत करून बघ, g (गुरुत्वाचा प्रवेग) गुणिले उंची भागिले c (प्रकाशाचा वेग) वर्ग, येणाऱ्या उत्तराला वर्षाच्या सेकंदांनी गुणायचं, बारावीच्या मुलीला पाच मिनिटांचं काम आहे. यातलं कुठलंच घड्याळ चुकीचं नाही, ज्या त्या ठिकाणी आपापल्या घड्याळाएवढाच काळ खरोखर गेलाय. चोर्ला घाटात मोबाईलवर नकाशा लावता ना, त्या जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळं दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागं पडतात आणि उंचीमुळं 45 पुढं जातात, एकूण 38 पुढं. हे दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक साठेल, घाट सोडून गाडी कुठं दाखवेल सांगता येत नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर, काळच. पण एक नीट लक्षात ठेव, वेगानं जाणाऱ्याला स्वतःचा काळ हळू झालेला कधीच जाणवत नाही. त्याचं हृदय, त्याचं घड्याळ, त्याचा विचार सगळं बरोबरच चाललेलं असतं. फरक कळतो तो दोघं परत भेटून घड्याळं शेजारी ठेवल्यावर.

प्रश्न : बाई नमस्कार. लग्न झाल्यापासनं मी विड्याच वळल्या, आता हात चालत नाहीत म्हणून बंद केलं. लहानपणीचा मे महिना संपता संपत नव्हता, आणि आता दिवाळी झाली म्हणतोय तवर पाडवा येतोय. विड्या वळताना दुपार सरायची नाही, पण ती सगळी वर्षं कुठं गेली कळत नाही. हे मला एकटीलाच होतंय का सगळ्यांना?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मावशी, सगळ्यांना होतं, आणि तुम्ही जे लिहिलंय ना, दुपार सरायची नाही पण वर्षं कुठं गेली, त्यात या विषयाचं अर्धं मर्म तुम्ही सांगून टाकलंय. माणसाच्या आत काळाची मापं दोन असतात. एक चालू असतानाचं, एक मागं वळून बघतानाचं. एकसारखं काम करताना मन सारखं वेळेकडं जातं म्हणून दुपार लांबते. पण त्या दुपारी मेंदूनं नवीन काही साठवलेलं नसतं, काल वळली तशीच आज वळली, मग आठवायला गेलं की हजार दुपारी मिळून एकच होते. लहानपणीच्या मे महिन्यात सगळंच पहिल्यांदा होत असतं, पहिला आंबा पाडलेला, पहिल्यांदा नदीत उतरलेलं, तिथं आठवणी दाट आहेत म्हणून तो महिना मोठा वाटतो.

हे नुसतं बोलण्यावारी नाही, लोकांनी मोजलंय. अमेरिकेत डेव्हिड ईगलमन नावाच्या शास्त्रज्ञानं माणसांना 31 मीटर उंचीवरनं खाली जाळीत सोडलं, मनगटाला भरभर आकडे बदलणारं एक यंत्र बांधून. नंतर विचारलं तर स्वतःचं पडणं त्यांना होतं त्याच्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं जास्त लांब वाटलं. पण पडताना यंत्रावरचे आकडे काही त्यांना जास्त वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी काळ हळू झाला नव्हता, भीतीनं आठवण दाट झाली होती.

शरीराचं घड्याळ अजून वेगळं. 1930 च्या सुमाराला होगलंड नावाच्या शास्त्रज्ञाची बायको तापानं फणफणली होती, तो औषध आणायला थोडा वेळ गेला तर ती म्हणाली किती उशीर केलास. त्यानं तिला साठपर्यंत मोजायला लावलं, ताप जास्त तेवढं तिचं मोजणं भरभर, मिनिट व्हायच्या बरंच आधी साठ पूर्ण. ताप उतरला तसं मोजणं बी उतरलं. आणि फ्रान्सचा मिशेल सिफ्र 1962 ला आल्प्सच्या एका गुहेत घड्याळ न घेता दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला त्याला सांगितलं मुदत संपली, तर त्याच्या हिशोबानं तवा 20 ऑगस्टच होता. जवळजवळ पंचवीस दिवस त्याच्या मोजणीतनं गळून गेले होते, अंधारात रोज तेच म्हणून. त्याचं झोपणं-उठणं मात्र दिवसाच्या आसपासच चाललं होतं, शरीर आतनं बरोबर मोजत होतं आणि मन चुकत होतं.

तुमची वर्षं वाया गेली असं मात्र मनात आणू नका मावशी. त्या वर्षांत तुम्ही घर उभं केलंत. आठवणीत ती छोटी दिसतात कारण काम एकसारखं होतं, त्यांची किंमत त्यामुळं कमी होत नाही. आता हात मोकळे आहेत तर एखादी नवीन गोष्ट धरा, नवीन गाव बघा, नातवाकडनं काहीतरी शिका, येणारं वर्ष मागं वळून बघताना मोठं दिसेल.

प्रश्न : आम्ही जैन. आमच्या शास्त्रात काळ हे एक द्रव्य सांगितलंय, कालाणू सांगितलेत. विज्ञान आता तेच म्हणतंय असं एका प्रवचनात ऐकलं. खरं का?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : तुमचं शास्त्र फार खोल आहे, आणि म्हणूनच त्याला विज्ञानाचं सर्टिफिकेट जोडायची गरज नाही असं मला मनापासनं वाटतं. दिगंबर परंपरेत म्हटलंय की लोकाकाशाच्या, म्हणजे विश्वानं व्यापलेल्या आकाशाच्या, एकेका प्रदेशावर (सगळ्यात छोट्या भागावर) एकेक कालाणू, म्हणजे काळाचा अणू, आहे, रत्नांच्या राशीसारखे, जवळजवळ पण एकमेकांत न मिसळणारे. श्वेतांबरांत काळ हे वेगळं द्रव्य (मूळ तत्त्व) मानायचं की नाही यावर जुना वाद आहे. मला यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो निश्चयकाळ आणि व्यवहारकाळ हा भेद. समय, मुहूर्त, दिवस, वर्ष हा व्यवहारकाळ, सूर्य-चंद्रावरनं मोजलेला. आणि वस्तू बदलत राहते त्या बदलाला जे साहाय्य करतं तो निश्चयकाळ. मोजलेला आकडा वेगळा आणि ज्याचं मोजमाप करतोय ते वेगळं, हे किती आधी ओळखलं होतं बघा.

वैशेषिक दर्शनवाल्यांनी बी नऊ द्रव्यांत काळ घेतला, आधी-नंतर, एकदम, उशिरा, लवकर या जाणिवा आपल्याला होतात त्यावरनं काळ आहे असं अनुमान करायचं म्हणाले. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं उलटं विचारलं, भूत-वर्तमान-भविष्य एकमेकांच्या आधारानंच सांगता येतात तर स्वतंत्र काळ म्हणजे आहे काय? युरोपात हेच भांडण पुढं न्यूटन आणि लाइब्निट्स यांच्यात झालं. 1687 मध्ये न्यूटन म्हणाला काळ स्वतःच्या स्वतः एकसारखा वाहतो, बाहेरच्या कशाशी त्याचा संबंध नाही. लाइब्निट्स म्हणाला काळ म्हणजे घटनांचा क्रम, घटना काढून घेतल्या तर उरतं काय. आइन्स्टाइननंतर न्यूटनचं एकसारखं वाहणं तर गेलंच, वस्तुमान जिथं आहे तिथं काळाची चाल बदलते हे मोजून झालं.

पण कालाणू म्हणजे भौतिकशास्त्रातले काळाचे कण, हे खरं नाही. विज्ञानात एक प्लँक काळ सांगतात, सेकंदाचा 10 चा ऋण 44 वा घात एवढा छोटा, ते एक गणितातनं आलेलं माप आहे, काळ तिथं तुकड्यातुकड्यांचा आहे असं कुठल्या प्रयोगानं दाखवलेलं नाही. प्रवचनकारांचा भाव चांगला असेल, पण दोन वेगळ्या विचारांना जबरदस्तीनं एक म्हटलं की दोन्हीकडचं बारकाव्याचं काम झाकून जातंय. बेळगावच्या किल्ल्यात 1204 ची कमल बसदी उभी आहे, आपल्या भागात हा विचार आठशे वर्षांच्या वर जिवंत आहे, तो त्याच्या शब्दांत वाचा, शिकवा.

प्रश्न : अक्का, माझा रेल्वे गेटजवळ चहाचा गाडा हाय. एक कॉलेजचा पोरगा रोज येतोय, तो म्हणाला विज्ञानाचे नियम पुढं बी चालतात आणि मागं बी. मी म्हणालो मग चहात घातलेलं दूध परत वेगळं करून दाखव की. तो गप्प. कोण बरोबर?
— एक चहावाले, बेळगाव

उत्तर : अण्णा, तुम्ही जे विचारलंत त्यावर मोठमोठे लोक दीडशे वर्षं झुंजलेत. पोरगा खोटं बोलत नाही. कॅरमच्या दोन सोंगट्या आपटल्याचा व्हिडिओ उलटा लावला तर कोणाला ओळखू येणार नाही, कणांचे नियम जवळजवळ सगळे असे दोन्हीकडं चालतात, काही दुर्मिळ कणांचा बारीक अपवाद सोडून. तुमच्या चहाचा व्हिडिओ मात्र उलटा लावला की शेंबडं पोर बी सांगेल.

हे कोडं ऑस्ट्रियाच्या बोल्ट्झमननं 1877 मध्ये मोजणीनं सोडवलं. दूध चहात मिसळलेलं असण्याच्या रचना अगणित आहेत, आणि दूध एका बाजूला चहा एका बाजूला अशा रचना त्यामानानं अगदी नगण्य. कण आपले कसेही आपटत राहतात, त्यातनं परत वेगळं व्हायला नियमाची बंदी नाही, पण त्याची शक्यता एवढी कमी की विश्वाच्या वयाच्या कितीतरी पट वाट बघितली तरी होणार नाही. या अस्ताव्यस्तपणाच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात, ती वाढत जाते, आणि ती ज्या बाजूला वाढते त्या बाजूला आपण उद्या म्हणतो. इंग्लंडच्या एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञानं 1927 मध्ये त्याला काळाचा बाण म्हटलं. आठवण कालची राहते आणि उद्याची नाही, याचं मूळ पण बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ इथंच शोधतात.

पण पोराला पुढचं विचारा. मिसळण्यासाठी आधी वेगळं असावं लागतंय ना, मग जगात वेगळं, नीट लावलेलं काही आलंच कुठनं? दूध म्हशीचं, म्हशीनं चारा खाल्ला, चारा उन्हावर वाढला. सूर्याकडनं पृथ्वीला जेवढी ऊर्जा येते तेवढीच ती परत आकाशात सोडते, पण आलेल्या प्रकाशाच्या एका कणामागं पृथ्वी उष्णतेचे साधारण वीस कण बाहेर टाकते, म्हणजे नीटस येतं आणि विस्कटलेलं जातं, त्या फरकावर सगळी झाडं, म्हशी आणि माणसं जगतात. तुमच्या सिलिंडरातला गॅस बी जुन्या उन्हाचाच. सूर्य कशानं पेटला? वायूचा ढग स्वतःच्या वजनानं आकसला म्हणून. आणि तो ढग आकसू शकला कारण 1380 कोटी वर्षांपूर्वी सुरुवातीला सगळं द्रव्य विलक्षण सारखं पसरलेलं होतं, त्या वेळच्या उजेडाचा जो अंश अजून आकाशात मिळतो त्यात लाखात एक एवढाच कमी-जास्तपणा आहे. चहात उलटं असलं तरी, गुरुत्वाकर्षण असताना असं सारखं पसरलेलं असणं ही सगळ्यात कमी एन्ट्रॉपीची अवस्था, तिथनं पुढं गोळा होत होत आकाशगंगा, तारे, आणि मग तुमच्या गाड्यावरचा चहा.

सुरुवात तशी का झाली याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडं नाही. त्याच्या आधी काळ होता का, असं विचारणारी पत्रं बरीच आलीत, ती पुढच्या अंकात घेते.